पुन्हा तसं घडू नये म्हणून : तरुण मुलींसाठीच्या गटसत्रांबद्दल

आधी निकाल सांगते. जा. माझ्याकडून पाचपैकी चार गुण. पाचवा का कापला तेही खाली लिहिलं आहे, आणि ते वाचल्याशिवाय नाव नोंदवू नका, कारण काहीजणींनी जावं की थोडं थांबावं हे त्यावरच ठरेल.

ही सेवा म्हणजे काय? एकदा लैंगिक अत्याचार सोसलेल्या, साधारण अठरा ते तिशीच्या आतल्या मुलींसाठी एक संस्था छोटा गट चालवते. आठवड्यातून एकदा, तीन तास. विषय एकच : ज्या मुलीवर एकदा अत्याचार झाला तिच्यावर पुन्हा तशी वेळ येण्याची शक्यता कशामुळे वाढते, आणि त्यातल्या कोणत्या गोष्टींवर काम करता येतं. संस्थेचं नाव देत नाही. गट लहान असतो आणि माझ्यासोबत बसलेली कुणीही मुलगी यातून ओळखू येऊ नये.

मी पंचविशीची आहे आणि लेखापरीक्षणाचं काम करते. वयाच्या १६व्या वर्षी घरी येणं-जाणं असलेल्या एका मोठ्या माणसाने माझ्यावर जबरदस्ती केली, आणि २१व्या वर्षी मी ज्याच्यासोबत होते त्या मुलाने. यापुढे तपशील देणार नाही. एवढंही लिहिलं ते यासाठी, की दुसऱ्या वेळेनंतर ‘माझ्यातच काहीतरी असेल का’ हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला होता. तोच घेऊन मी तिथे गेले आणि त्याच प्रश्नावर या सेवेची परीक्षा घेतली. मुलीला तिच्या वाढलेल्या धोक्याबद्दल सगळं खरं सांगायचं आणि तरी तिच्या डोक्यावरचं दोषाचं ओझं वाढवायचं नाही, हे दोन्ही एकत्र साधलं तरच असला कार्यक्रम कामाचा. याआधी मला भेटलेले उपाय एक तर कराटेचे वर्ग होते, नाहीतर सातच्या आत घरात छापाचे उपदेश. दोन्हीकडून मी जास्तच लाजून परत आले होते.

नाव दिल्यावर लगेच गटात घेत नाहीत. एक समुपदेशक आधी तुमच्याशी एकट्याने बोलते. त्या भेटीत काय घडलं हे विचारत नाहीत. विचारतात ते आत्ताचं : तो माणूस अजून तुमच्या आयुष्यात आहे का, घरी सुरक्षित आहात का, झोप लागते का, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का. माझ्या आधी भेटून गेलेल्या एका मुलीला त्यांनी सांगितलं होतं की तुम्ही आधी एकटीने थेरपी सुरू करा, गट नंतर. ती नाराज झाली होती. नंतर सत्रांमध्ये काय काय वर येतं ते पाहिल्यावर त्यांचा निर्णय मला बरोबर वाटला.

पहिल्याच सत्रात आकडे आले. आकडा दिसला की तो कशाचा, कुणाला विचारून काढलेला, हे बघायची मला सवय आहे, म्हणून मी सावरून बसले. गट घेणाऱ्या ताईंनी फळ्यावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ८० अभ्यास एकत्र केले होते. लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्यांपैकी सरासरी ४७.९ टक्के व्यक्तींवर पुढे कधीतरी पुन्हा अत्याचार झाल्याचं त्यात आढळलं. २००५च्या एका आढाव्यात मात्र पुन्हा बळी ठरणाऱ्यांचं प्रमाण तिघांत दोन असं मांडलं होतं. ताईंनी पुढे जाण्याआधी आम्हालाच विचारलं, एवढा फरक कशामुळे पडला असेल? मग उत्तरं निघत गेली. अत्याचार कशाला म्हणायचं याची व्याख्या वेगळी, विचारलेल्या स्त्रिया वेगळ्या (कुठे विद्यार्थिनी, कुठे दवाखान्यात आलेल्या), आणि त्यांच्या आयुष्यातला किती काळ धरला तोही वेगळा. हे सगळं झाल्यावर त्यांनी ४७.९च्या शेजारी ५२.१ लिहिलं आणि म्हणाल्या, हाही त्याच अभ्यासातला आकडा आहे. मी आजवर वाचलेल्या कुठल्याही लेखात ही दुसरी बाजू कुणी लिहिलेली नव्हती. आमच्यातल्या एका मुलीने तो आकडा वहीत मोठा करून लिहून घेतला.

त्यानंतर धोक्याचं चित्र. या विषयावर २००० सालापासून एक मांडणी वापरली जाते : एकात एक वर्तुळं. आतल्या वर्तुळात मुलीचा स्वतःचा इतिहास, मग ती ज्या नात्यात आणि प्रसंगात आहे ते, मग कुटुंब, मित्रमंडळी, कॉलेज, पोलीस, आणि सगळ्यात बाहेर समाज. ताईंनी वर्तुळं काढण्याआधी फळ्याच्या मधोमध एक चौकोन काढला आणि त्यात लिहिलं, ‘करणारा’. म्हणाल्या, हा चौकोन पुसला तर बाकीची सगळी वर्तुळं जागच्या जागी राहूनही अत्याचार होत नाही. त्या दिवसाचा जवळजवळ अर्धा वेळ त्या चौकोनावर गेला. असा माणूस सुरुवातीला छोटी मर्यादा ओलांडून बघतो, तू काही बोलतेस का ते तपासतो. तुला बाकीच्यांपासून बाजूला काढतो. जिच्या शब्दावर लोक पटकन विश्वास ठेवणार नाहीत अशी मुलगी हेरतो, आणि आधी जिच्यावर अत्याचार झालाय तिच्या बाबतीत तर हे गणित त्याच्यासाठी सोपंच होतं.

हे ऐकताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. दुसऱ्या वेळचा तो मुलगा. त्याला १६व्या वर्षीचं सगळं माहीत होतं, कारण मीच विश्वासाने सांगितलं होतं. मी कुठे थांबायला सांगितलं की तो म्हणायचा, तुला त्या माणसामुळे असं वाटतं, मी तसा नाही. म्हणजे माझी भीती खोटी ठरवायला त्याने माझाच इतिहास वापरला. कितीतरी रात्री मी ‘माझ्यात काय आहे’ हे शोधत होते. माझ्यात एक गोष्ट होती खरी, आणि ती त्याला माहीत होती. ती वापरायची हे त्याने ठरवलं. हा हिशेब मांडायला मला चार वर्षं लागली आणि तो एका दुपारी सुटला. फक्त याच्यासाठी मी ही सत्रं पुन्हा करीन.

वय हाही एक घटक आहे. किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला धोका सगळ्यात जास्त असतो. लहानपणीच्या अत्याचाराचा पुढचा परिणाम पुष्कळदा किशोरवयातल्या दुसऱ्या घटनेतून येताना दिसतो. किशोरवयात ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांना कॉलेजच्या पहिल्या वर्षात जास्त जपावं लागतं. नवी जागा, नवी माणसं, घराची पाखर नाही. हे त्यांनी झटकन सांगितलं आणि पुढे गेल्या, ते बरं झालं, कारण वय काही आपल्या हातात नाही.

सगळ्यात जास्त मोल मी तिसऱ्या सत्राला देईन. त्यात एक ध्वनिफीत ऐकवतात. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघं ओळखीचे, संध्याकाळ एकत्र घालवताहेत. तो हळूहळू दबाव वाढवत जातो. संशोधनात ही पद्धत १९९०च्या दशकापासून आहे : ऐकणाऱ्या स्त्रीने ‘आता हे थांबायला हवं’ असं वाटेल तिथे बटण दाबायचं आणि किती वेळ गेला ते मोजायचं. १९९९च्या एका अभ्यासात ज्यांच्यावर एकापेक्षा जास्त वेळा अत्याचार झाला होता त्या स्त्रियांनी हे बटण इतरांपेक्षा उशिरा दाबलं. हे वाक्य इथेच सोडलं असतं तर मी उठून गेले असते. पण त्याच अभ्यासात पुढे असं आहे की त्यांच्यातल्या ज्यांच्या शरीरात आघातानंतरची सतर्कता जास्त होती, दचकणं, कान टवकारलेले असणं, त्यांनी बटण बाकीच्या स्त्रियांइतक्याच वेळात दाबलं. उशीर झाला तो ही सतर्कता कमी असलेल्यांकडून. जी लक्षणं आम्ही आजार समजून लपवत होतो त्यांचा काही उपयोगही होता, हे पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. त्या लक्षणांनी हाल होतात, त्यावर उपचार घ्यावेत, हेही ताई लगेच म्हणाल्या.

आमच्याकडे बटण नव्हतं, दोन कार्डं होती. पिवळं वर करायचं ‘मला खटकलं’ म्हणून. लाल वर करायचं ‘मी इथून निघाले असते’ म्हणून. पिवळी कार्डं जवळजवळ एकदमच वर गेली, आणि फार लवकर. लाल कार्डं मात्र कितीतरी उशिरा, एकेक करून. एकीने तर फीत संपेपर्यंत लाल उचललंच नाही.

मग उरलेला सगळा वेळ त्या पिवळ्या आणि लालच्या मधल्या जागेवर. तिथे काय असतं? आम्ही बोललो आणि ताई लिहीत गेल्या. त्याला वाईट वाटेल. कदाचित मीच जास्त विचार करतेय. आपले मित्र एकच आहेत, उद्या तोंड कसं दाखवू. मी स्वतःच्या पायांनी इथे आले. परत जायला गाडी त्याचीच. आधी एकदा ‘हो’ म्हटलं होतं. मागच्या वेळी विरोध केला तेव्हाही काही उपयोग झाला नव्हता. हे शेवटचं वाक्य एका मुलीने अगदी सहज म्हटलं आणि तीनचार माना एकदम हलल्या. एकदा विरोध वाया गेला की शरीर आणि मन दोन्ही शिकतात की आपल्या करण्याने काही बदलत नाही, आणि पुढच्या वेळी हात आधीच सैल पडतात. २००६ सालच्या एका अभ्यासात कॉलेजातल्या मुलींचा काही महिने मागोवा घेतला होता. त्यातही धोका ओळखायला लागलेल्या वेळापेक्षा तिथून निघायला लागलेला वेळच पुढच्या अत्याचाराशी जास्त जोडलेला निघाला. तुम्हाला माणसं ओळखता येत नाहीत, हे मला आयुष्यभर ऐकवलं गेलं होतं. आमच्या खोलीत सगळ्यांना ओळखता आलं होतं, तेही पहिल्या काही मिनिटांत.

याच सत्रात शरीर गोठून जाण्याबद्दल बोलले. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांना त्या वेळी शरीर बऱ्याच प्रमाणात गोठल्याचा अनुभव आला होता, आणि ४८ टक्क्यांच्या बाबतीत ते अतितीव्र होतं. आधी आघात सोसलेल्यांमध्ये ते जास्त आढळलं. हलता येत नाही, आवाज फुटत नाही. यात संमती नसते आणि ठरवून केलेलं काहीच नसतं. माझ्या शेजारी बसलेली मुलगी आतापर्यंत एक शब्दही बोलली नव्हती. ती म्हणाली, मग मी ‘काहीच केलं नाही’ असं नाही ना? ताई म्हणाल्या, तुमच्या शरीराने जे त्याला येत होतं ते केलं. पुढे त्यांनी ते स्पष्टीकरण लांबवलं नाही, तिला वेळ दिला.

सांगितल्यावर लोक कसे वागतात, हा विषय धोक्याच्या यादीत असेल असं मला वाटलंच नव्हतं. १६व्या वर्षी मी मावशीला सांगितलं होतं. ती म्हणाली, कुणाजवळ बोलू नकोस, तुझंच नाव खराब होईल, आणि दुसऱ्या दिवसापासून काही झालंच नाही अशी वागायला लागली. ती माझ्यावर प्रेम करते, आजही करते. पण त्या एका वाक्यानंतर मी पाच वर्षं कुणालाच काही सांगितलं नाही. सारा उलमन या अमेरिकन संशोधिकेने आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं आहे. दोष देणं, विषय झाकणं, मुलीच्या हातातून निर्णय काढून घेणं, अशा प्रतिक्रिया मिळालेल्या स्त्रियांना आघाताची लक्षणं जास्त होतात, त्या स्वतःला जास्त दोष देतात, दुःख विसरायला दारूकडे जास्त वळतात. आणि यातली प्रत्येक गोष्ट पुढच्या अत्याचाराच्या धोक्याशी जोडलेली आहे. म्हणजे मुलीच्या ‘आतले’ म्हणून जे घटक सांगितले जातात त्यातले कितीतरी बाहेरून, सांगितल्यानंतरच्या त्या पहिल्या पाच मिनिटांत आत घातलेले असतात.

संस्थेने याचं केवळ व्याख्यान दिलं नाही. एका सत्राला आपल्या भरवशाचं एक माणूस सोबत आणायला सांगितलं. मी मोठ्या बहिणीला नेलं. सोबतच्या माणसांना वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्याशी बोलले. बाहेर आल्यावर बहिणीने मला पहिलं विचारलं, मी तुला कधी असं काही बोलले का, ज्याने तुला गप्प बसावंसं वाटलं? आम्ही रस्त्यातच उभं राहून बोलत होतो. जिला आणायला कुणीच नव्हतं तिच्यासाठी संस्थेच्या एक जुन्या सदस्य आल्या होत्या, आणि ती व्यवस्था न मागता केलेली होती. असे बारकावे जपणाऱ्या सेवा फार थोड्या असतात.

नको असताना हो म्हणण्याबद्दलचं सत्र नाजूक होतं, पण ते त्यांनी टाळलं नाही. अत्याचारानंतर काहीजणी जवळीक पूर्ण टाळतात; काहीजणी उलट, एकटेपणा किंवा उदासी दाबायला नको असलेल्या संबंधांमध्ये शिरतात, कारण नाही म्हणून भांडण ओढवून घेण्यापेक्षा ते सोपं वाटतं. अत्याचाराने नकार देण्याचं बळ कमी होतं आणि बळ कमी असलं की धोका वाढतो, हे दोन्ही दिशांनी चालतं असं २००७च्या एका पाहणीत दिसलं आहे. इथे कुणी कुणाच्या वागण्याला नावं ठेवली नाहीत. एक मुलगी म्हणाली की तिला कितीजणांसोबत ती राहिली हे सांगायची लाज वाटते. ताई म्हणाल्या, तो आकडा आम्हाला नको आहे. त्यातल्या किती वेळा तुला स्वतःला हवं होतं, एवढंच तू तुझ्यापुरतं बघ.

प्रत्यक्ष सरावाची दोन सत्रं आहेत, आणि ती कॅनडातल्या एका कार्यक्रमावर बेतलेली असल्याचं त्यांनी उघडपणे सांगितलं. शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर तो तपासला. निम्म्यांना तीन तासांची चार सत्रं, निम्म्यांना फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण सत्रं केलेल्यांत ५.२ टक्के आणि पत्रकं मिळालेल्यांत ९.८ टक्के. हा निकाल २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. मुलींसाठीच्या कार्यक्रमांमध्ये इतका चोख पुरावा दुर्मीळ आहे. हिशेबाचं माणूस म्हणून मला हे आवडलं की ताईंनी लगेच पुस्ती जोडली : त्यांचा कार्यक्रम तंतोतंत तोच नाही, तेव्हा तेच आकडे आमच्यावर लावू नका.

सराव ओळखीच्या माणसाला नाही म्हणण्याचा. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी हल्लेखोर त्यात जवळजवळ नाहीच, कारण बहुतेक वेळा करणारा ओळखीचाच असतो. वाक्यं मोठ्याने म्हणायची. ‘मला हे नको आहे.’ हसायचं नाही, कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही. पहिल्यांदा माझ्या तोंडून ‘सॉरी, पण’ निघालं आणि मग कुणाच्याच तोंडून त्याशिवाय काही निघेना. पुढे शरीर सोडवून घेण्याचे काही डाव. ओरडणं, ढकलणं, पळणं अशा ठाम विरोधाने बलात्कार टळण्याची शक्यता वाढते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि प्रत्येक डावाच्या शेवटी शिकवणाऱ्या बाई सांगायच्या की हे जमलं नाही तरी जबाबदारी त्याचीच. हे वाक्य त्या पाठ केल्यासारखं म्हणत नव्हत्या. डाव शिकवताना ज्या मुलींना कुणी मनगट धरलेलं सोसत नव्हतं त्यांना भिंतीला टेकून नुसतं बघायची मुभा होती. मी पहिल्या दिवशी नुसतं बघितलं.

आता कापलेला गुण.

सुरुवातीला एक प्रश्नावली भरून घेतात आणि उत्तरांची बेरीज करून तुमचा ‘जोखीम गुणांक’ सांगतात. हे बंद करायला हवं. गटाच्या सरासरीवरून एका मुलीचा गुणांक काढणं चुकीचं आहे हे त्याच संस्थेच्या ताई पहिल्या सत्रात समजावतात, आणि तेच त्यांच्या कागदावर उलटं केलेलं असतं. माझा आकडा मोठा आला. मला त्याचा अर्थ लावता आला. पण आमच्यातली एक मुलगी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवून फिरत होती आणि प्रत्येक सत्रात त्याबद्दल विचारत होती. मी अभिप्रायात हे स्पष्ट लिहिलं, समोरही सांगितलं. ऐकून घेतलं, पण बदलू असं म्हणाले नाहीत.

दारूवरचं सत्र कमकुवत. विषय महत्त्वाचा आहे : लैंगिक हल्ल्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये करणाऱ्याने, मुलीने किंवा दोघांनीही दारू घेतलेली असते; करणारे लोक मुद्दाम पाजतात किंवा आधीच प्यायलेली मुलगी शोधतात; आघात विसरायला पिणाऱ्या मुलींना तर याचा दुहेरी फटका बसतो. पण हे सत्र बाहेरून आलेल्या एका पाहुण्या वक्त्यांनी घेतलं आणि त्यांनी ‘सावध राहिलं असतं तर’ या सुरात सुरुवात केली. ताईंनी मध्येच थांबवलं, तरी तोवर खोलीतली हवा बदलली होती. पुढच्या आठवड्यात दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बाहेरचा माणूस आणायचा तर त्याने आधी फळ्यावरचा तो चौकोन पाहिलेला असायला हवा.

अपंग मुलींसाठी आणि मुलींवर प्रेम करणाऱ्या किंवा दोन्हींकडे ओढ असलेल्या मुलींसाठी जवळजवळ काहीच नाही. या दोन्ही गटांवर अत्याचाराचं प्रमाण जास्त आहे हे संशोधन सांगतं, उभयलिंगी आकर्षण असलेल्या स्त्रियांवर तर विशेष. सत्रांतली सगळी उदाहरणं मात्र मुलगा आणि मुलगी, दोघं धडधाकट. आमच्या गटातल्या एका मुलीला प्रत्येक उदाहरण मनातल्या मनात बदलून घ्यावं लागत होतं.

आणि दोन सत्रांच्या मध्ये काही आठवून जीव घाबरला तर कुणाला फोन करायचा, याची सोय अपुरी. एक क्रमांक देतात, पण तो कामाच्या वेळेतच लागतो. असल्या आठवणी रात्रीच येतात.

तुम्ही आत्ता त्याच माणसासोबत राहत असाल, किंवा घटना अगदी ताजी असेल आणि झोप, जेवण, रोजचं काम कोलमडलं असेल, तर आधी एकटीने मदत घ्या. गटातली ध्वनिफीत तुम्हाला आत्ता झेपणार नाही. आघातावरच्या थेरपीचे चांगले, तपासलेले प्रकार आहेत आणि त्याने लक्षणं खरोखर कमी होतात. थोडं सावरलेल्या, पण नव्या नात्यात शिरताना पाय मागे येणाऱ्या मुलींसाठी ही सत्रं नेमकी आहेत. ज्यांना दुसऱ्यांदा सोसावं लागलं आणि आता तिसऱ्या वेळेची धास्ती वाटते त्यांनी तर जावंच.

दुसरी कुठली अशी सेवा शोधत असाल तर फोनवरच विचारा : काय घडलं हे गटात सांगावं लागतं का? (लागत असेल तर जाऊ नका.) गट घेणाऱ्यांचं आघाताच्या कामात प्रशिक्षण झालं आहे का? एखादं सत्र मध्येच सोडून बाहेर जाऊन बसता येतं का, आणि तेव्हा कुणी सोबत येतं का? गुणांक काढतात का? काढत असतील तर मला तो कळवू नका, असं आधीच सांगून ठेवा. तो हक्क तुमचा आहे.

नोंदणीला टोपणनाव चालतं. मी शेवटपर्यंत टोपणनावानेच होते आणि कुणीही खरं नाव विचारलं नाही.